गिरणीचा पैसा, माटुंग्याची प्रयोगशाळा

१८८४च्या डिसेंबरात लॉर्ड रिपन मुंबईहून विलायतेला निघाले. स्थानिक स्वराज्याचा ठराव आणि इल्बर्ट बिल यांमुळे हा व्हाइसरॉय इथल्या सुशिक्षितांना आपला वाटत होता. निरोपही तसाच दणक्यात झाला. मग स्मारकासाठी वर्गणी जमली. त्या काळी वर्गणी जमली की पुढचा प्रश्न ठरलेला असे : पुतळा कुठे बसवायचा? मुंबईकरांनी मात्र त्या पैशातून हातांना काम शिकवणारी शाळा काढायचे ठरवले. तीन वर्षांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली. एक निमित्त हाताशी होतेच, त्यात दुसरे मिळाले आणि १८८७ साली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. रिपनसाहेबांचे नाव तिच्या कापडविभागाला मिळाले. गव्हर्नर लॉर्ड रे यांना तंत्रशिक्षणाचे भारी अगत्य, त्यामुळे सरकारी आशीर्वादही लाभला.

या शाळेची गरज कुठून आली हे पाहायचे तर तारदेवला जावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली त्यांची सूतगिरणी सुरू झाली. त्यानंतर मुंबईत भोंगे वाढतच गेले. १८७५ साली गिरणीमालकांनी आपला संघही बांधला. १८९०च्या दशकात गिरण्यांची संख्या सत्तरच्या घरात पोचली. भांडवल पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी ज्यूंचे, कापूस वऱ्हाड-खानदेशचा, कामगार कोकण-घाटावरचा. यंत्रे मात्र लँकेशरची, आणि ती ज्याला कळतात तो माणूसही तिथलाच. यंत्रांची ऑर्डर गेली की पेट्यांच्या पाठोपाठ स्पिनिंग मास्तर, कार्डिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर येत. त्यांचे पगार इथल्या मानाने अवाढव्य असत, वर बंगला आणि मायदेशी जायला रजा.

या मास्तरांना नेमके काय येत होते? साचेखात्याचेच, म्हणजे विणकामखात्याचेच घ्या. सुती धागा कोरड्या हवेत तटतट तुटतो, म्हणून खाते दमट ठेवायचे. ताण्याचा धागा साच्यावर चढण्याआधी त्याला खळ द्यायची : स्टार्च, चरबी, कधी चिनी माती, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून आणखी काही. खळ पातळ झाली तर धोट्याच्या घासण्याने धागा तुटतो. दाट झाली तर सुकून कडक होते आणि खपल्या पडतात. धागा तुटला की साचा थांबतो. विणकराची मजुरी कापडाच्या मापावर ठरणार, म्हणजे साचा थांबला की त्याची रोजी बुडाली आणि मालकाचा मालही अडला. खळीचे हे प्रमाण ऋतूप्रमाणे, सुताच्या नंबराप्रमाणे आणि कापसाच्या जातीप्रमाणे बदलते. ते मास्तरच्या डोक्यात आणि खिशातल्या वहीत असे. वही तो कोणाला दाखवत नसे, कारण तीच त्याची रोजीरोटी होती.

जमशेदजी टाटांना ही अडचण आधी कळली. त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. मुंबईपासून इतक्या लांब विलायती माणसांच्या भरवशावर किती दिवस काढणार? त्यांनी शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून गिरणीत घ्यायची पद्धत घातली. पदवीधराने तेलकट यंत्राला हात लावायचा, खात्याखात्यांतून फिरायचे आणि मग वरची जागा घ्यायची. आज ज्याला ‘अप्रेंटिसशिप’ म्हणून धोरणात मानाचे पान मिळते, ते नागपूरच्या एका गिरणीत गरजेपोटी सुरू झाले होते.

मुंबईत पुढाकार घेतला सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी. गिरणीधंद्यातले हे सर्वांत मोठे नाव. गिरणीमालक संघाचे अध्यक्षपदही बरीच वर्षे त्यांच्याकडेच होते. भायखळ्याला राणीच्या बागेसमोर एल्फिन्स्टन कॉलेजची देखणी इमारत होती. कॉलेज फोर्टात हलणार होते. पेटिटांच्या देणगीमुळे ती इमारत नव्या इन्स्टिट्यूटला मिळाली. जिथे मुले शेक्सपिअर आणि जॉन स्टुअर्ट मिल वाचत होती, तिथे लेथ आणि माग आले. यंत्र अभियांत्रिकी आणि कापडनिर्मिती हे मुख्य अभ्यासक्रम. कापडाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला ‘एल.टी.एम.’ ही लायसेन्शिएटची पदविका मिळे आणि पुढे गिरणगावात ही तीन अक्षरे पदवीसारखी नावापुढे लागली. लंडनच्या ‘सिटी अँड गिल्ड्स’च्या परीक्षांनाही मुले बसत.

म्हणजे धंद्याने पैसा दिला, सरकारने मान्यता दिली, शहराने मुले दिली. आता नोकऱ्याच काय त्या मिळायच्या राहिल्या. आणि इथे गाडी अडली.

ज्या मालकांनी देणगी दिली त्यांच्याच गिरणीच्या दारात एल.टी.एम. झालेला मुलगा उभा राहिला की मॅनेजर त्याला विचारी, ‘काम किती वर्षे केलेस?’ मुलगा म्हणे, ‘शिकून आलोय.’ दोघांचेही खरे होते. मास्तर गोरा असला की त्याला हाताखाली स्वतःसारखाच माणूस हवा असे. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे एजंटही लँकेशरच्याच माणसाची शिफारस करत. मालकाला, विशेषतः गिरणीचा कारभार चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटला, उत्पादनात एका दिवसाचाही खंड नको होता. अनोळखी पदविकाधारकावर डाव लावण्यापेक्षा महाग का होईना, पण ओळखीचा साहेब त्याला परवडे. शाळेला पैसा देणे हा दानधर्म होता, शाळेतून माणूस घेणे हा धंदा. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. पुढच्या शंभर वर्षांत उद्योग आणि शिक्षण यांच्या हातमिळवणीबद्दल जितके बोलले गेले, त्यातला बराच भाग या दोन कप्प्यांमधली भिंत पाडण्याबद्दल आहे.

संस्थेच्या आतही रंगाचा प्रश्न होताच. लक्ष्मणराव किर्लोस्कर या इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत. चित्रकला शिकायला जे. जे.मध्ये आलेला आणि रंगांधळेपणामुळे रंग सोडून रेषेकडे वळलेला हा तरुण शिकवता शिकवता कार्यशाळेत यंत्रेही शिकला. बढतीची वेळ आली तेव्हा त्याला डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावला सायकलींचे दुकान टाकले, मग कडबा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानच्या मदतीने किर्लोस्करवाडी. संस्थेच्या दृष्टीने हे अपयशच. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर भायखळ्याच्या शाळेतून निघालेला हा बहुधा सर्वांत मोठा कारखानदार, आणि तो विद्यार्थी नव्हता, मास्तर होता.

तिकडे बडोद्यात जरा वेगळा प्रयोग चालला होता. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. सुतारघराण्यातल्या गज्जरांचा हट्ट असा की कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शास्त्र शिकवायचे. त्यासाठी गुजराती-मराठीत पुस्तके तयार करायला महाराजांनी मोठी रक्कमही दिली. गज्जरांचा खरा विषय रंगाई. जर्मनीतून येणारे कृत्रिम रंग गिरण्यांत आणि रंगाऱ्यांच्या पेठेत धडाधड शिरत होते, आणि ते कापडावर नीट कसे बसवायचे हे सांगणारा माणूस नव्हता. पुढे गज्जर मुंबईत आले, त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. १८९६ साली दामोदर चाफेकरांनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा तो संगमरवर डाग न ठेवता साफ करून देणारे हेच गज्जर! त्यांच्या शिष्यांच्या साथीने १९०७ साली ‘अलेम्बिक’ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत कोटीभास्कर हे मराठी नाव आहे. आणि कलाभवनात शिकून गेलेला एक विद्यार्थी ना रंगात रमला ना रसायनात : त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

बडोद्याचे यश आणि मुंबईची अडचण यांत फरक एवढाच की गज्जर स्वतः दुकानात जात. रंगाऱ्याचा बिघडलेला ताका त्यांच्या टेबलावर येई. मुंबईत हे व्हायला आणखी चाळीस वर्षे जायची होती.

दरम्यान, शिकलेल्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत ही तक्रार हिंदुस्थान सरकारपर्यंत पोचली. १९०४ पासून सरकार हुशार मुलांना तांत्रिक शिष्यवृत्त्या देऊन विलायतेला पाठवत होते. ती मुले परत येऊन नोकरी शोधत फिरत होती. तेव्हा दोन माणसांना चौकशीला नेमले गेले. एक रुर्कीच्या थॉमसन कॉलेजचे लेफ्टनंट कर्नल ॲटकिन्सन आणि दुसरे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिलीचे प्रिन्सिपॉल टी. एस. डॉसन. कारखानदारांना भेटून, विचारपूस करून त्यांनी १९१२ साली अहवाल दिला. त्याचे लांबलचक नाव सरळ मराठीत असे होईल : तांत्रिक शिक्षणसंस्था आणि हिंदुस्थानात मजूर कामाला लावणारे मालक यांच्यात अधिक जवळचे आणि अधिक व्यवहाराचे नाते जोडण्याबाबत. आजच्या कुठल्याही कुलगुरूंच्या परिषदेत हे शीर्षक जसेच्या तसे खपेल. फक्त ‘मजूर’ या शब्दाच्या जागी ‘मनुष्यबळ’ घालावे लागेल.

अहवालातले निष्कर्ष तेव्हाही नवीन नव्हते. मालक म्हणतात, मुलांना हाताचे काम येत नाही. संस्था म्हणतात, मालक हाताचे काम करायला जागाच देत नाहीत. पण डॉसन यांचे तिथे असणे मोलाचे होते. ज्यांच्या संस्थेची पोरे गिरण्यांच्या दारात उभी होती, त्यांनाच गिरणीमालकांचे ऐकायला पाठवले गेले.

मग पहिले महायुद्ध आले, आणि अहवालाला जे जमले नाही ते त्याने केले. गोरे मास्तर आघाडीवर गेले, नवे यायचे थांबले, आणि गिरण्या तर रात्रंदिवस चालवायच्या होत्या. एल.टी.एम.वाल्यांना जागा मिळू लागल्या. सोराबजी रतनागर यांनी १९२७ साली मुंबईच्या गिरण्यांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यातल्या आकड्यांवरून बदल दिसतो. १८९५ साली गिरण्यांतल्या वरच्या आणि देखरेखीच्या जागांवर दर शंभरांत चाळीसहून थोडे अधिक युरोपीय होते. १९२५ साली ते तिसाच्या खाली आले. तीस वर्षांत एवढेच! आणि रिकाम्या जागांवर आलेल्यांत पारशी मुलांचा वाटा मोठा. साच्यावर उभ्या असणाऱ्या मराठी कामगाराच्या मुलाला भायखळ्याची फी आणि इंग्रजी दोन्ही अवघड. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने परळला कामगारांच्या शिक्षणासाठी हातपाय हलवले, पण त्याचा आवाका लहान राहिला. व्हिक्टोरिया ज्युबिली १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला मोठ्या जागेत गेली. भायखळ्याच्या त्या इमारतीत आता रेल्वेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे.

युद्धाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली : रंग. कृत्रिम रंगांचा जगातला बहुतेक व्यापार जर्मनीच्या हातात होता. लढाई सुरू होताच तो बंद झाला आणि इथल्या गिरण्यांची पंचाईत झाली. १९१६ ते १९१८ या काळात सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग बसला. त्यात दोराबजी टाटा, फाजलभाई करीमभाई हे मुंबईचे कारखानदार होते आणि मदनमोहन मालवीय आपली स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडणार होते. मग १९२१ साली मुंबई सरकारने तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपदी बसवले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात वाढलेला हा इंजिनिअर. त्याला हा प्रांत नखशिखांत माहीत. मुंबईला विद्यापीठाच्या दर्जाचे तंत्रविज्ञान शिक्षण हवे, या विचाराने तिथून जोर धरला. पण पैसा नव्हता, आणि गिरण्यांचे दिवस फिरले होते.

दिवस कसे फिरले ते थोडक्यात. मुंबईच्या गिरण्या एकेकाळी चीनला जाड सूत विकून गबर झाल्या होत्या. ते गिऱ्हाईक जपानने खाल्ले. मग जपानी कापड इथल्याच बाजारात येऊन बसले. अहमदाबाद बारीक कापडात पुढे गेले. १९२७ साली टॅरिफ बोर्डाने मुंबईला सांगितले की जाड सुताचा नाद सोडा, बारीक नंबर काता, कापड धुवा, रंगवा, छापा. सल्ला सोपा आणि बरोबर होता. पण कोरे कापड विणायला जो मास्तर लागतो तो वेगळा आणि ब्लीचिंग, रंगाई, छपाई सांभाळायला जो माणूस लागतो तो वेगळा. दुसऱ्याला रसायनशास्त्र यावे लागते, आणि तो मुंबईत तयारच होत नव्हता.

ही नोकरीची जागा आधी तयार झाली आणि अभ्यासक्रम नंतर आला. १८८७ साली नेमके उलटे झाले होते.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी सर विठ्ठल नारायण चंदावरकर आले. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकरांचे हे चिरंजीव. प्रार्थना समाजाच्या घरातले, नुकतेच मुंबईचे महापौर होऊन गेलेले आणि धंद्याने गिरणीवाले. पुढे ते गिरणीमालक संघाचेही अध्यक्ष झाले. विद्यापीठाच्या खुर्चीत बसलेला माणूस सकाळी गिरणीच्या हिशेबात रंगखात्याचा तोटा बघत होता. सरकारी तिजोरी, विद्यापीठ आणि देणगीदार यांची मोट बांधून १ ऑक्टोबर १९३३ रोजी विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. मुंबईकर त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘यूडीसीटी’ म्हणू लागले आणि नाव दोनदा बदलले तरी जुनी मंडळी अजूनही तेच म्हणतात. सुरुवातीचे विषय दोनच : कापड रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. जागा स्वतःची नव्हती; काळा घोड्याजवळ रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतीत वर्ग भरत. प्रमुख होते डॉ. आर. बी. फॉर्स्टर.

एक निर्णय मात्र दूरदृष्टीचा ठरला. प्रवेश बी.एस्सी. झालेल्यांना; त्यावर दोन वर्षांची बी.एस्सी. टेक. म्हणजे मुलगा शास्त्र घेऊनच आत यायचा आणि तंत्र त्यावर चढायचे. भायखळ्याच्या जुन्या अभ्यासक्रमात माग शिकवला जाई. इथे माग, रंग, साबण, औषध यांच्या खाली वाहणारी रासायनिक प्रक्रिया शिकवली जाऊ लागली. त्याचा अर्थ पन्नास वर्षांनी कळला.

१९३८ साली फॉर्स्टर यांच्या जागी के. व्यंकटरामन आले. मद्रासचे, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले. सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकांत ‘बेकर–व्यंकटरामन’ ही अभिक्रिया त्यांच्या नावाने शिकवतात. त्यांचा ध्यास होता रंग. गिरण्यांत रोज वापरले जाणारे विलायती, जर्मन रंग हे मुळात आहेत काय, हे ते उकलत. कंपन्या डब्यावर व्यापारी नाव छापत, रेणूची रचना लपवत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांची कागदपत्रे दोस्त राष्ट्रांनी खुली केली, तेव्हा जगभर पसरलेली ती माहिती जुळवून मांडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत हे माटुंग्याचे प्राध्यापक होते. १९५२ साली त्यांच्या कृत्रिम रंगांवरील ग्रंथाचे पहिले दोन खंड निघाले आणि रंगाच्या क्षेत्रात जगभर तो हाताशी ठेवायचा ग्रंथ झाला.

मधल्या काळात युद्धाने पुन्हा आयात तोडली, आणि पुन्हा त्याचा फायदा झाला. रंगांबरोबर तेले, औषधे, रोगणे, प्लॅस्टिक, खाद्यपदार्थ यांची तंत्रे शिकवणाऱ्या शाखा निघाल्या. १९४३ साली विभाग माटुंग्याला स्वतःच्या इमारतीत गेला, व्हिक्टोरिया ज्युबिलीच्या शेजारीच. गिरण्यांसाठी निघालेल्या दोन्ही संस्था आता एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर होत्या. नागपूरची गोष्टही इथेच सांगायला हवी. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, ती उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठीच; त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. मँगनीजच्या खाणीतला पैसा तेल आणि साबणाच्या प्रयोगशाळेत गेला.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९४७ साली कस्तुरभाई लालभाईंनी ‘अतुल’ स्थापन केली आणि १९५२ साली वलसाडजवळच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. रंग इथेच बनू लागले, तसे ते बनवणारे लोक लागू लागले. १९५० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा झाली. १९५७ साली व्यंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. मुंबई–पुणे–वापी–अंकलेश्वर अशी रसायनांची एक पट्टी तयार झाली आणि तिच्या कारखान्यांत माटुंग्याची माणसे जागोजाग दिसू लागली.

ही सांधेजोड आतून कशी चाले? साठ आणि सत्तरच्या दशकांत तिचा चेहरा होता मनमोहन शर्मा. जोधपूरचा हा विद्यार्थी माटुंग्यालाच रासायनिक अभियंता झाला, केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४ साली सत्ताविसाव्या वर्षी परत आला तो थेट प्राध्यापक म्हणून. १९९० साली रॉयल सोसायटीचे सदस्य झालेले ते पहिले भारतीय अभियंता. पण कारखानदारांना त्यांची ओळख वेगळी होती. रिअॅक्टरमध्ये वायू नीट विरघळत नाही, उत्पादन पाच टक्क्यांनी कमी येते, एखादा विषारी उपपदार्थ वाढतो, असले दुखणे घेऊन कारखान्याचा माणूस माटुंग्याला येई. प्राध्यापकाने सल्ला देणे आणि त्याचे पैसे घेणे इथे वर्ज्य नव्हते. विद्यापीठात राहूनही या विभागाला आपले नियम करण्याची बरीच मोकळीक होती, आणि तीच बाकीच्या कॉलेजांना नव्हती. कारखान्यातून आलेला प्रश्न मग पुढच्या वर्षी कोणाच्या तरी पीएच.डी.चा विषय होई, आणि त्यातला सोपा तुकडा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत येई. मुलगा नोकरीला लागायच्या आधीच त्याच्या मालकाचे दुखणे त्याच्या ओळखीचे झालेले असे.

शर्मांच्या हाताखाली पीएच.डी. झालेल्यांत गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर होते. लहानपणी वडील गेले, आईने मुंबईत मोलमजुरी करून शिकवले, सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढचे शिक्षण झाले. हेच माशेलकर पुढे पुण्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक आणि नंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले. माटुंग्याहून औषधांचे तंत्र शिकून गेलेले अंजी रेड्डी यांनी पुढे पुण्यात पीएच.डी. केली आणि १९८४ साली हैदराबादला डॉ. रेड्डीज काढली. मुकेश अंबानी इथलेच. संस्थेच्या सांगण्यानुसार इथून बाहेर पडलेले पहिल्या पिढीचे उद्योजक पाचशेहून अधिक आहेत.

पण सगळ्यांत बोलके उदाहरण केकी घरडांचे. माटुंग्याला शिकले, अमेरिकेत डॉक्टरेट केली, परत येऊन इथेच काही काळ शिकवले, आणि मग वांद्र्यात स्वतःचे छोटे काम मांडले. हाती घेतला तो फ्थॅलोजेन निळा, म्हणजे गिरण्यांना लागणारा, जर्मनीहून येणारा महागडा रंग. तो त्यांनी स्वतःच्या पद्धतीने तयार केला. व्यंकटरामन ज्या रंगांच्या रचना फळ्यावर उकलत होते, त्यातल्याच एकाची ही शेडमधली आवृत्ती. पुढे घरडा कीटकनाशकांकडे वळले, कारखाने डोंबिवली आणि लोटे परशुरामला गेले आणि खेडजवळ लवेल इथे त्यांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेजही निघाले. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे शंभर वर्षे मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर उभी राहिली, तिथे आता रसायनाचा कारखाना आणि त्याला लागून अभियंते घडवणारे कॉलेज आहे. लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांची तक्रार आहे, आणि या हातमिळवणीचा इतिहास लिहिताना ती गाळून चालणार नाही. धंद्याला काय हवे हे अभ्यासक्रमात लवकर शिरले. खाडीला काय हवे हे बरेच उशिरा.

आणि गिरण्या? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. ज्या धंद्याच्या पैशाने भायखळ्याची शाळा निघाली तो धंदा शहरातून गेला. एल.टी.एम.ची पुण्याई जिच्या जिवावर होती ती गिरणी नाहीशी झाली, आणि व्हिक्टोरिया ज्युबिलीतला कापडविभाग, जो एकेकाळी संस्थेचा कणा होता, तो इतर शाखांच्या रांगेत एक होऊन बसला. संस्था टिकली ती यंत्र, वीज, स्थापत्य आणि पुढे संगणक यांच्या आधाराने. १९९७ साली तिचे नाव वीरमाता जिजाबाई झाले आणि आद्याक्षरे तीच राहिल्याने लेटरहेडचा फारसा खर्चही वाढला नसावा.

शेजारच्या यूडीसीटीला मात्र संपाची झळ फारशी बसली नाही. कापड रसायन शिकवणारा विभाग तोपर्यंत औषधे, पॉलिमर, सुगंधी द्रव्ये, कीटकनाशके अशा दहा दिशांना पसरला होता. १९३३ साली मालकांना रंगखात्यासाठी माणूस हवा होता. विभागाने त्यांना रसायनतज्ज्ञ दिला. मालकांच्या मागणीपेक्षा थोडे अधिक शिकवले, आणि ते अधिकचे होते म्हणून मालकच नाहीसे झाल्यावरही मुले बेकार झाली नाहीत. २००८ साली या विभागाला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला; आता ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’.

२०१८ साली संस्थेने दोन नवी केंद्रे काढली : एक इंडियन ऑइलच्या सहकार्याने भुवनेश्वरला, दुसरे मराठवाड्यात जालन्याजवळ. तिथे पाच वर्षांचा एकत्रित एम.टेक. सुरू झाला, वर्षाची सत्रे दोन नव्हे, तीन, आणि अभ्यासक्रमातच कारखान्यातल्या कामाच्या फेऱ्या बसवलेल्या. मुलांनी शिकता शिकता कारखान्यात जायचे, परत वर्गात यायचे, पुन्हा जायचे. जालन्याची ओळख बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांची. रसायनांचे मोठे कारखाने रायगड, रत्नागिरी आणि गुजरातेत. त्यामुळे जालन्याच्या विद्यार्थ्याला उमेदवारीसाठी बहुधा चारशे किलोमीटर गाठावे लागतात, आणि तिथे त्याला रिअॅक्टरजवळ उभे करायचे की कागद झेरॉक्स करायला बसवायचे, हे अजूनही कारखान्याच्या मॅनेजरवरच अवलंबून आहे.